आश्विनातलं पाणी

किल्लेदार बाईंच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर आधी त्यांना हात हुंगू द्यावे लागत. त्या दारातच उभ्या असायच्या. सुती पातळाचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. समोरच्याचा तळवा नाकाजवळ नेऊन त्या क्षणभर डोळे मिटत आणि निकाल देत. "स्नो लावलायस. परत जा." "मेथी निवडलीस सकाळी. ये, पण कशाला हात लावू नकोस." "उदबत्ती? आज काय गुरुवार का गं?" साबण, खोबरेल, पावडर, गजरा, विडी, सगळ्यांना त्या खोलीत बंदी होती. एकदा दिल्लीहून आलेल्या एका बड्या पाहुण्यांचाही हात त्यांनी असाच हुंगला आणि त्यांना अत्तर धुऊन यायला सांगितलं. पाहुणे हसले. बाई हसल्या नाहीत. नळाकडे बोट दाखवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. अंधेरीच्या पश्चिम टोकाला, वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची छोटी शाखा होती. मराठी घेऊन एम. ए. झालेली मी तिथलं ग्रंथालय सांभाळत असे. ग्रंथालय म्हणजे सामंत साहेबांच्या, म्हणजे आमच्या शाखाप्रमुखांच्या, खोलीचाच प्लायवूडनं तोडलेला तुकडा. खिडकीचे गज खाऱ्या वाऱ्यानं फुगून सोलवटले होते. दुपारी वारा फिरला की कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास पुस्तकांच्या पानापानांत जाऊन बसे. त्या एका वासाला मात्र बाईंची हरकत नव्हती. "तो समुद्राचाच आहे," त्या म्हणत, "घरच्या माणसाला काय दारात अडवायचं?"

त्यांना बसलेलं मी फार क्वचित पाहिलं. त्यांच्या खुर्चीवर त्यांच्यापेक्षा त्यांची कापडी पिशवीच जास्त बसली असेल. चहा उभ्यानं, डबा खिडकीशी, टपाल जिन्यात चालता चालता. बोलताना उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांच्या टोकांवरून एकसारखा फिरत राही, जणू तिथं काही दाणेदार लागलंय आणि ते काय आहे हे ठरत नाहीये. घाटकोपरहून अंधेरीला येणारी बस साकीनाक्याला तुंबली की त्या उतरून चालू लागत. पुढे बस सुटून त्यांना मागे टाकून जाई, तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. "उभ्या बसमध्ये बसून राहण्यापेक्षा चालत उशीर झालेला परवडला," हे त्यांचं उत्तर. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. लग्नाविषयी कुणी विचारलं तर "वेळेवर उठवून बोटीवर सोडेल असा कुणी भेटला नाही" असं म्हणून त्या विषय झटकून टाकत, ओले हात झटकावे तसा.

त्यांचं काम होतं समुद्रातल्या सूक्ष्म जीवांवर. एका दुपारी पुस्तक द्यायला गेले, तेव्हा हात हुंगून झाल्यावर त्यांनी मला अचानक मनगटाला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. खोली अंधारी केली होती. पाण्याच्या त्या थेंबात त्यांनी एक रंग मिसळला होता. निळ्या उजेडात तो जिवंत कणांना चिकटून चमकतो. मी डोळा लावला. काळ्याभोर अंधारावर हिरव्या ठिणग्या, इतक्या दाट की नजर टेकवायला जागा मिळेना. काही स्थिर, काही थरथरणाऱ्या.

"बाई, हे तर आकाश आहे," मी म्हणाले.

"काही आकाशबिकाश नाही. आकाश कुणाला जेवायला घालतं?" त्या कानाशीच पुटपुटल्या. "हे बॅक्टेरिया. चमचाभर पाण्यात ठाण्याच्या लोकवस्तीपेक्षा जास्त. काही इथले पिकवतात, काही खातात, काही मेलेलं मोडून पुन्हा खत करतात. मासे, जाळी, बाजार, तुझं सुकट-भाकर, सगळं यांच्या जिवावर. आणि आपण मोजतो काय, तर मासे!"

हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई. मोठ्यानं बोललं तर ते जीव बिथरतील असा काहीतरी भाव त्यांच्या चेहऱ्यावर असे.

समुद्र रोज किती अन्न पिकवतो हे मोजण्याची त्यांची रीत साधी होती. काचेच्या दोन बाटल्या, दोन्हींत एकच पाणी. एक उघडी, एक काळ्या फडक्यात गुंडाळलेली. सकाळी दोरीला बांधून त्या समुद्रात सोडायच्या, दुपारी वर घ्यायच्या. उघड्या बाटलीतल्या सूक्ष्म वनस्पती ऊन पिऊन प्राणवायू सोडतात. काळ्या बाटलीत अंधारच, तिथं सगळे नुसते श्वास घेतात. दोन बाटल्यांतल्या प्राणवायूचा फरक म्हणजे समुद्राचं त्या दिवसाचं पीक. मोजणी करायचे बाईंचे सहायक गौतम साळवे. ते मूळचे जालन्याचे, पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मुलाखतीच्या दिवशी. "आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि तेसुद्धा नसतं," असं ते सांगत. बाईंशी दिवसभर वाद घालणारा आणि त्यांच्या शब्दावर डोळे मिटून बोटीत चढणारा असा तो एकच माणूस.

बोट जानू तांडेलांची. मी एकदाच गेले त्यांच्याबरोबर. पहाटेचा करडा उजेड, डिझेलचा आणि ओल्या जाळ्यांचा वास, ओठांवर मीठ. किनारा मागे पडून पाण्याचा रंग बदलू लागला तशा बाई बोटीच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाय, बसा ना जरा," तांडेल म्हणाले. "तुमाला बगून माजी बोटपण उबीच ऱ्हायल."

"तुम्ही सुकाणू बघा, तांडेल."

"बगतंय. पन मना सांगा, एवरा लांब येऊन निसता पानीच नेता. जाल्यात मासा नाय घावला तर तुमचा पानी इकू काय मी बाजारात?"

"विका की. भाव मी सांगते."

पाणी घ्यायचं ते एका पितळी नळकांड्यातून. परदेशी बनावटीचं, जुनं, बाईंना त्यांच्या गुरूंकडून मिळालेलं. दोन्ही तोंडं उघडी ठेवून ते दोरीनं खाली सोडायचं. हव्या त्या खोलीवर पोचलं की दोरीवरून एक वजन सोडायचं. ते खाली जाऊन आदळलं की दोन्ही तोंडं मिटतात आणि त्या खोलीचं पाणी आत अडकतं. त्या वजनाला साळवे 'पोस्टमन' म्हणत. "पोस्टमन निघाला, मॅडम!" असं ते ओरडत आणि बाई दोरीवर दोन बोटं टेकवून, श्वास रोखून, खालून येणाऱ्या टकटकीची वाट पाहत. टक्क झालं की त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून जाई.

ह्याच नळकांड्यातून आलेल्या पाण्यावर त्यांनी आपला मोठा शोध मांडला होता. पावसाळा सरला, ऊन पडलं, नद्यांनी आणलेलं खत पाण्यात आहे. अशा वेळी आमच्या किनाऱ्याचं पीक वाढायला हवं. पण बाईंच्या मोजणीत दर वर्षी आश्विनात ते एकाएकी बसत असे आणि काही आठवड्यांनी हळूहळू सावरत असे. गंमत म्हणजे ही पडझड इंग्रजी तारखांना जुमानत नव्हती. पंचांग पुढेमागे सरकलं की तीही सरकत होती. बाईंनी ती चंद्राला जोडली. कोजागिरीच्या उधाणात खाड्यांतला गाळ बाहेर ओढला जातो, त्यावर बॅक्टेरिया माजतात आणि समुद्राचं पीक उभ्या उभ्या खाऊन टाकतात, अशी त्यांची मांडणी. निबंध छापून आला, बाहेरच्या देशांतून पत्रं आली. मला तर ती मांडणी फार आवडे. कोजागिरीला माणसं दूध आटवतात आणि तिकडे समुद्र आपलंच दूध पिऊन टाकतो, असं काहीतरी मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

त्या निबंधाच्या जोरावर बाईंचं नाव मोठ्या जहाजासाठी निघालं. हे जहाज महिनोन्‌महिने अरबी समुद्रात फिरणार होतं. किनारा, गाळ, खाड्या, सगळं मागे टाकून निळ्या पाण्यात. तिथल्या थेंबात कोण राहतं हे आपल्याकडे कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. बाईमाणसाला जहाजावर जागा देण्याची तेव्हा फारशी चाल नव्हती. संडास कुठे, झोपायचं कुठे, यावरच चर्चा अडकत. सामंत साहेबांनी त्यांच्यासाठी बरीच वर्षं खेटे घातले होते. त्या दिवाळीपूर्वी निवड समिती बसणार होती. बाई त्या दिवसांत जास्तच येरझारा घालत. एकदा मला म्हणाल्या, "किनाऱ्यावरून समुद्राचा अभ्यास म्हणजे उंबऱ्यावर बसून घर ओळखणं. मला आत जायचंय गं." दुसरं काही त्यांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

तरी एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. बॅक्टेरिया माजून पीक खातात म्हणावं, तर आश्विनातल्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली त्या हिरव्या ठिणग्याही विरळ दिसत. निबंधात त्यांनी त्याचं काहीतरी कारण दिलं होतं, पण ते त्यांनाच पटत नव्हतं. "पिकवणारे कमी, खाणारेही कमी," असं म्हणत त्या खिडकी ते कपाट फिरत. "मग जेवलं कोण, साळवे?"

"कुणीतरी डबा पळवला असेल, मॅडम."

"थट्टा सुचते तुम्हाला."

दसऱ्याला आमच्याकडे उपकरणांची पूजा होई. बाकीच्यांनी यंत्रांना कुंकू लावायचं, झेंडू वाहायचे, पेढे वाटायचे. बाईंनी आपल्या खोलीत मात्र कुंकवाचं बोटही लावू दिलं नाही. हार कपाटाच्या बाहेरच्या कडीला. पण त्यांची स्वतःची एक पूजा होती. आदल्या दिवशी त्या ते नळकांडं घेऊन अंगणातल्या नळाशी जात, उकिडव्या बसत आणि चिंचेच्या कोळानं ते घासत. बाहेरून, मग लांब दांड्याच्या ब्रशनं आतून. इतरांच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. कोपरापर्यंत चिंच, कपाळावर घाम, आणि स्वच्छ पाण्याचे हंड्यावर हंडे. चिंचेचा नावालाही वास उरला नाही अशी नाकानं खात्री झाली की त्या ते उन्हाकडे धरत. आतून सोन्यासारखा उजेड बाहेर पडे. "बघ," त्या म्हणत, "देवाची उपकरणीसुद्धा इतकी लख्ख नसतील." एरवी न बसणारी ही बाई त्या एका कामासाठी तासन्‌तास बसे, आणि ते पाहायला आम्ही सगळे गॅलरीत जमत असू.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या घाटकोपरच्या घरी गेले. मी मुलुंडला राहत असे. समितीपुढे ठेवायच्या कागदांची टंकलेखनाची तपासणी राहिली होती, ती तिथं बसून करू असं ठरलं होतं. बाईंची आई ठेंगणी, गोरीपान, आवाजानं मात्र खणखणीत. पाहुणी येणार म्हणून त्यांनी कढी केली होती, आणि तीही माळ्यावरून काढलेल्या जुन्या पितळी पातेल्यात. रोजची स्टीलची भांडी त्यांना मुळी भांडीच वाटत नसत.

पहिल्या घोटालाच माझी जीभ आखडली. तांब्याचं नाणं चोखावं तशी चव. वाटीच्या काठाशी हिरवट झाक. पाहुण्यानं काय बोलावं? मी गिळलं.

बाईंनी घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "आई, कढी कळकलीय."

"कळकेल कशी? आत्ता तर केली."

"चव बघ."

आईंनी चमचा जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि पातेलं उजेडाकडे वळवलं. "अगं बाई! कल्हई कुठाय याची? परवा दसऱ्याला कुणी घासलं हे?"

"मी. तूच म्हणालीस घास म्हणून."

"बाहेरून घास म्हटलं! आतून चिंच लावतं का कुणी? होती नव्हती ती कल्हई खरवडून काढलीस. बघ कसं पिवळंधमक दिसतंय."

"मग त्यात ताक ओतताना तुला दिसलं नाही?"

"मला मोतीबिंदू आहे. तुला काय झालंय? आणि आणू कुठून कल्हईवाला? पूर्वी महिन्या-महिन्याला आरोळी यायची. आता ह्या घाटकोपरात..."

आई बोलत राहिल्या. बाईंचा अंगठा बोटांवरून फिरायचा थांबला होता. त्या पातेल्याच्या आत पाहत होत्या, त्या पिवळ्या, लखलखीत पोटात. मग त्या इतक्या हळू बोलल्या की आईंना ऐकूच गेलं नाही.

"ते आतून पांढरं असायला हवं."

"काय, बाई?"

"नळकांडं. आतून पांढऱ्या धातूचा थर असतो त्याला. कल्हईच ती. माझ्या हातात आलं तेव्हा होता, पुसट पुसट." त्या उठल्या. "पिवळं दिसायला लागलं त्याला मी चकाकी म्हणत आले."

तांबं त्या इवल्या जीवांना विष असतं, हे आमच्याच ग्रंथालयातल्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. ती पुस्तकं मीच फळीवर लावली होती. दर दसऱ्याला ताजं पितळ उघडं पडे. त्यातून तांबं पाण्यात उतरे. नळकांड्यात अडकलेले पिकवणारे आणि खाणारे दोन्ही गळून जात. काही आठवड्यांत धातूवर काट चढे आणि पीक 'सावरे'. पंचांगाप्रमाणे सरकत होता तो दसरा. उधाण, गाळ, कोजागिरी, सगळं आम्ही मागून जोडलेलं. समुद्राला आश्विनात काहीही होत नव्हतं.

कागद तपासायचे राहिलेच. बाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. चेंडू दोनदा वर आला, दोन्ही वेळा त्यांनी न बघता खाली टाकला.

सोमवारी त्यांनी तांडेलांकडून घरची प्लॅस्टिकची बादली मागून घेतली. त्याच जागचं पाणी, अर्धं नळकांड्यानं, अर्धं बादलीनं. तांडेलांना हे काही रुचलं नाही. "एवरा पितलेचा नल सोडून बादली? सांजला परत द्या बाय, नायतर घरवाली माजा हिशेब करल." आम्ही किनाऱ्यावर वाट पाहत होतो. संध्याकाळी साळवेंनी मोजणी संपवली, पुन्हा केली, हात धुतले, पुन्हा केली. मग स्टुलावर बसले.

"वाट लागली, मॅडम. बादलीत दुपटीहून जास्त आहे."

बाईंनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलं नव्हतं. "साळवे, निबंधावर तुमचंही नाव आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं पहिलंच. मी तो मागे घेतेय. तुमची हरकत असेल तर आत्ता बोला."

साळवेंनी हातातली काचेची नळी जपून खाली ठेवली. "आईनं ते पान फ्रेम करून लावलंय घरी. बुद्धाच्या तसबिरीशेजारी. तिला वाचता येत नाही, पण नाव कुठं आहे ते बोटानं दाखवते सगळ्यांना."

"मग?"

"मग काय. दुसरं छापू खरंखुरं. फ्रेम तीच वापरता येईल."

दुसऱ्या दिवशी प्लायवूडपलीकडून सामंत साहेबांचा आवाज आला. तो माणूस सहसा आवाज चढवत नसे.

"पुढच्या आठवड्यात समिती आहे हो! आत्ता कुणाला काय माहितीय? तुम्ही, मी, साळवे. जहाजावरून परत या, मग सावकाश दुरुस्ती छापा. कोण अडवतंय?"

"मला जहाजावर पाठवताय ते कशाच्या जोरावर, साहेब? आश्विनाच्या. तो नाहीच आहे."

"तुमचं बाकीचं काम आहे!"

"मग बाकीचं काम बघून ठरवू दे त्यांना. पण हे कळल्यावर."

मग साहेब म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज दमलेला होता, "एका बाईसाठी ती जागा मिळवायला मी काय काय ऐकून घेतलंय, तुम्हाला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते. उद्या हे दुसऱ्या कुणी शोधून काढलं तर मालती किल्लेदार चुकली असं कुणी नाही म्हणणार. बाईला पाठवलं आणि बघा, असं म्हणतील. मग माझ्यामागून येणारीनं कोणत्या दारावर थाप मारायची?"

"आणि तुमचं काय?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही, म्हणजे त्या उभ्याच असणार. दार उघडलं, मिटलं. काही वेळानं त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि तांब्याच्या विषाबद्दलची ती पुस्तकं मागून घेतली. मी नोंदवहीत सही घेतली. त्यांच्या तळव्यांना त्या दिवशी चिंचेचा, पाण्याचा, कसलाच वास नव्हता. नुसत्या घामाचा होता.

समितीला त्यांनी स्वतः सगळं सांगितलं. नळकांडंही बरोबर नेलं होतं आणि टेबलावर आडवं ठेवून आत बॅटरी मारून दाखवली, असं साहेब नंतर म्हणाले. "सगळे वाकून बघत होते, आणि ही बाई अशी समजावत होती जणू चूक दुसऱ्याच कुणाची आहे नि तिला ती फार आवडलीय." समितीतल्या काहींनी त्यांची पाठ थोपटली. जागा दुसऱ्या एका शाखेतल्या गृहस्थांना गेली. माणूस चांगला होता. जहाज सुटण्याआधी बाईंना भेटायला आला. बाईंनी त्याचे हात हुंगले, त्याला सिगरेट सोडायला सांगितली आणि निळ्या पाण्यातले थेंब कसे जपून आणायचे हे तासभर शिकवलं. तो गेल्यावर त्या गच्चीवर निघून गेल्या. त्यांना बोलावायला कुणी वर गेलं नाही.

त्यानंतरचे महिने मला नीट सांगता येणार नाहीत. दुरुस्ती छापून आली. बाहेरच्या देशांतून येणारी पत्रं थांबली. एक-दोन आली ती वेगळ्या सुरातली. बाईंचं चालणं वाढलं. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून त्या उठून जात. पितळी नळकांडं कपाटात गेलं. आता त्यांना धातूचा स्पर्शही नसलेलं भांडं हवं होतं: पारदर्शक प्लॅस्टिकचं, स्प्रिंग नसलेलं, विष सोडणाऱ्या साध्या रबराचीही शंका नसलेलं. विकत आणायचं तर परदेशातून, आणि त्यासाठी साहेबांकडे जायला आता तोंड नव्हतं. मग त्या मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आणि साकीनाक्याच्या गल्ल्यांमध्ये फिरू लागल्या. दिव्यांची झाकणं, दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यांत जाऊन त्या मालकांना समुद्राच्या पिकाविषयी सांगत. साळवे बरोबर असत. "लेथवाला विचारतो, बाई, हे मिक्सरचं भांडं आहे का?" ते येऊन आम्हाला सांगत. "मॅडम म्हणाल्या, हो, पण अरबी समुद्र दळायचाय."

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी बाई कार्यालयात नव्हत्या. निरोप राहिला म्हणून हुरहुर घेऊनच मी घाटकोपरच्या बसमध्ये चढले. उन्हं कलली होती. साकीनाक्याला बस तुंबली. खिडकीतून कापलेल्या लोखंडाचा आणि तापलेल्या तेलाचा वास आत येत होता. तेवढ्यात पुढच्या दारातून बाई चढल्या.

दोन्ही हातांत, जुन्या मऊ पातळात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. एका टोकाचं कापड सुटलं होतं आणि तिथून काचेसारखी स्वच्छ कड दिसत होती. उतरून चालत जायचं त्यांच्या मनातही आलं नसावं. आमच्यामध्ये माणसांची भिंत होती; मी हाक मारली, ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. बस हिसका देऊन निघाली तशी त्यांनी ते काखेत आवळून एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या उघड्या तोंडावर झाकणासारखा दाबून धरला, आत धूळ जाऊ नये म्हणून. त्या दमलेल्या होत्या, केस पिकले होते, हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

कंडक्टर तिकिटांचा डबा वाजवत त्यांच्यापर्यंत आला. "ओ मावशी, सामानाचं तिकीट लागेल. काय आहे यात?"

बाईंनी तळवा किंचित उचलला आणि स्वतःच आत डोकावून पाहिलं.

"अजून काही नाही," त्या म्हणाल्या, आणि तळवा पुन्हा होता तिथं ठेवला.